काचेवरचा कागद

अमेरिकेत नव्याने आलेल्या देशी माणसाचे पहिले दोन-तीन महिने जवळजवळ ठरलेले असतात. आधी सोशल सिक्युरिटी नंबर, मग बँकेत खातं, मग अपार्टमेंटचं लीज, मग लायसन्सची परीक्षा.. आणि मग गाडी! न्यूयॉर्क, शिकागोसारखी दोन-चार शहरं सोडली तर इथे गाडीशिवाय दूध आणायलाही जाता येत नाही. नवी गाडी परवडत नाही, आणि परवडली तरी कर्ज कोणी देत नाही (त्याबद्दल पुढे सांगतो). म्हणजे उरली सेकंडहँड गाडी. आठ-दहा वर्षं जुनी करोला नाहीतर सिव्हिक, लाखभर मैल पळालेली. प्रत्येक टीममध्ये 'गाडीतलं कळणारा' एक सीनियर असतोच. तो शनिवारी सकाळी आपल्याबरोबर येतो, टायरला लाथ मारून बघतो, बॉनेट उघडून गंभीर चेहऱ्याने आत डोकावतो आणि म्हणतो, "चांगलीये रे, घेऊन टाक." :-)

या सगळ्या गडबडीत एका गोष्टीकडे फारसं कोणाचं लक्ष जात नाही. डीलरकडे गेलात तर प्रत्येक जुन्या गाडीच्या काचेला एक पांढरा कागद लावलेला असतो. वर ठळक अक्षरात लिहिलेलं असतं 'बायर्स गाईड'. खाली चौकोन. एका चौकोनापुढे 'ॲज इज', म्हणजे आहे तशी घ्या, नंतर काही बिघडलं तर आमच्याकडे येऊ नका. दुसऱ्यापुढे 'वॉरंटी'. आणि खाली बारीक अक्षरात काही सूचना. बहुतेक जण तो कागद बाजूला सारून आतला म्युझिक सिस्टिम बघतात.

हा कागद तिथे कसा आला हे शोधायला बसलो आणि एक अख्खा वीकेंड गेला. त्यात डेट्रॉईट आलं, तांदळातले खडे आले, अमेरिकन संसद आली, सुप्रीम कोर्ट आलं, आणि सगळ्यात मजा म्हणजे व्हिसा संपलेला एक भारतीय वंशाचा विद्यार्थी आला. तर मंडळी, आजची गोष्ट या कागदाची.

जुनी गाडी ही काय चीज आहे?

हेन्री फोर्डने १९०८ साली मॉडेल टी बाजारात आणली तेव्हा तिची किंमत ८५० डॉलरच्या आसपास होती. असेंब्ली लाईनची कमाल अशी की १९२५ पर्यंत सगळ्यात स्वस्त मॉडेल २६० डॉलरला मिळायला लागलं. फोर्डचं तत्त्वज्ञान सरळ होतं: एकच गाडी, स्वस्त आणि टिकाऊ. पण टिकाऊ गाडीचा एक प्रॉब्लेम असतो. ज्याने एकदा घेतली तो परत लवकर येत नाही. आणि ज्याला २६० डॉलरही जड आहेत तो शेजाऱ्याची जुनी घेतो. म्हणजे फोर्डची सगळ्यात मोठी स्पर्धा कोणाशी, तर फोर्डच्याच जुन्या गाड्यांशी.

जनरल मोटर्सच्या आल्फ्रेड स्लोनने हे बरोबर ओळखलं. दरवर्षी नवं मॉडेल, वेगवेगळ्या खिशांसाठी वेगवेगळे ब्रँड, आणि १९१९ सालीच सुरू केलेली स्वतःची फायनान्स कंपनी. जुनी गाडी घेऊन या, तिची किंमत वजा करू, उरलेले हप्त्याने द्या. यालाच ट्रेड-इन म्हणतात. थोडक्यात, आपल्याकडे 'जुना मिक्सर द्या, नवा घेऊन जा' चालतं तेच, फक्त चार चाकांवर.

झालं काय, की डीलरांच्या अंगणात जुन्या गाड्यांचे ढीग साचायला लागले. या गाडीचे किती द्यायचे, ती कितीला विकायची, कोणालाच धड ठाऊक नाही. लॉस एंजेलिसमध्ये लेस केली नावाच्या माणसाने १९१८ साली थोड्याशा उसन्या भांडवलावर जुन्या गाड्यांचा धंदा सुरू केला होता. तो कुठली गाडी कितीला विकत घ्यायला तयार आहे याची यादी करून इतर डीलरांना आणि बँकांना पाठवायचा. त्याच्या भावांवर लोक इतके विसंबायला लागले की १९२६ मध्ये त्याने ती यादी पुस्तक म्हणून छापली. तेच केली ब्लू बुक! आज आपण ज्या साईटवर जाऊन 'केली काय दाखवतंय?' म्हणून बघतो तिचा हा खापरपणजोबा. गंमत म्हणजे कित्येक दशकं हे पुस्तक फक्त धंद्यातल्या लोकांसाठी होतं. सामान्य ग्राहकासाठीची आवृत्ती निघाली १९९३ मध्ये, आणि १९९५ मध्ये ते इंटरनेटवर आलं. म्हणजे जवळपास सत्तर वर्षं विकणाऱ्याला भाव माहीत होता आणि घेणाऱ्याला नाही.

हा मुद्दा लक्षात ठेवा. पुढची सगळी गोष्ट त्याच्यावरच आहे.

लिंबू आणि तांदूळ

अमेरिकन बोलीत खराब निघालेल्या गाडीला 'लेमन' म्हणतात. १९६६-६७ च्या सुमारास बर्कलीमध्ये नुकताच शिकवायला लागलेला जॉर्ज ॲकरलॉफ नावाचा अर्थशास्त्रज्ञ एका साध्या प्रश्नावर विचार करत होता: लोक जुन्या गाड्यांऐवजी नव्या का घेतात, आणि शोरूममधून बाहेर पडल्या पडल्या गाडीची किंमत इतकी धाडकन का कोसळते?

त्याचं उत्तर समजायला कुठल्याही इकॉनॉमिक्सच्या पदवीची गरज नाही. समजा बाजारात शंभर गाड्या आहेत. पन्नास चांगल्या, प्रत्येकी ८,००० डॉलरच्या लायकीच्या. पन्नास लिंबं, प्रत्येकी ४,००० च्या लायकीची. कुठली गाडी कसली आहे हे मालकाला माहीत आहे, गिऱ्हाईकाला नाही. बाहेरून सगळ्या चकाचक. मग शहाणं गिऱ्हाईक काय करेल? सरासरी काढेल. ६,००० देतो म्हणेल. आता ज्याच्याकडे खरोखर चांगली गाडी आहे तो म्हणतो, आठ हजारांची वस्तू सहाला कशाला विकू? तो गाडी घरी घेऊन जातो. लिंबूवाला मात्र खूश! तो तयारच असतो. म्हणजे बाजारात उरली कोण, तर लिंबं. हे गिऱ्हाईकाच्या लक्षात आलं की तो चार हजारांवर येतो. चांगल्या गाड्या बाजारातून गायब. कोणीही खोटं बोललेलं नाही, कोणी कायदा मोडलेला नाही, तरी बाजाराचा बाजार उठला!

१९६७ मध्ये त्याने हा पेपर एका मोठ्या जर्नलला पाठवला आणि स्वतः वर्षभरासाठी भारतात आला. नकाराचं पत्र त्याला भारतातच मिळालं: विषय फारच किरकोळ आहे. दुसऱ्या जर्नलनेही तेच कारण दिलं. तिसऱ्याने उलटं सांगितलं: हे खरं असेल तर सगळं अर्थशास्त्रच बदलावं लागेल, म्हणजे हे चूक आहे. शेवटी ऑगस्ट १९७० मध्ये चौथ्या ठिकाणी तो छापून आला, आणि २००१ मध्ये याच कामासाठी त्याला नोबेल मिळालं (मायकेल स्पेन्स आणि जोसेफ स्टिग्लिट्झ यांच्याबरोबर). ज्यांचा कोड रिव्ह्यू सारखा परत येतो त्यांनी हा किस्सा भिंतीवर लावून ठेवावा.

पण मला त्या पेपरमधली सगळ्यात आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. जेमतेम तेरा पानांच्या त्या लेखात भारत ठिकठिकाणी येतो. बाजारातून आणलेला तांदूळ निवडत बसणारी भारतीय गृहिणी त्यात आहे, कारण त्यात त्याच रंगाचे, त्याच आकाराचे खडे मुद्दाम मिसळलेले असतात. गावचा सावकार आहे. बाहेरच्या माणसाने शहरातून स्वस्तात पैसा आणून गावात जास्त व्याजाने वाटायचा प्रयत्न केला तर तो बुडतो, कारण कोण परत करणारा आणि कोण बुडवणारा हे सावकाराला माहीत असतं, त्याला नाही. त्याच्या वाट्याला सगळी लिंबं येतात. आणि आपल्या जुन्या मॅनेजिंग एजन्सी आहेत, जिथे एकमेकांना ओळखणारी घराणी आणि जातजमात याच भरवशावर पैसा उभा राहायचा.

ताटात तांदूळ पसरून निवडत बसलेली आजी आपण सगळ्यांनी पाहिलेली आहे. ती नोबेलच्या इतक्या जवळ होती हे तिला कोणी सांगितलं नाही.

मीटर मागे फिरतो

ॲकरलॉफच्या गणितात विकणारा फक्त गप्प बसतो. प्रत्यक्षात तो गप्प कशाला बसेल! गिअरबॉक्समधला खडखडाट दबावा म्हणून त्यात लाकडाचा भुसा भरण्याची युक्ती जुनीच आहे. पण सगळ्यात सोपी युक्ती होती ओडोमीटर मागे फिरवणं. तेव्हाचा मीटर म्हणजे दातेरी चाकांची माळ. उघडा, आकडे फिरवा, बंद करा. नव्वद हजारांच्या जागी चाळीस. जुन्या गाड्या विकणाऱ्याची प्रतिमा इतकी वाईट झाली की १९६० च्या दशकात रिचर्ड निक्सनच्या विरोधकांनी त्याच्या फोटोचं पोस्टर काढलं, त्यावर प्रश्न एकच: या माणसाकडून तुम्ही जुनी गाडी घ्याल का? त्यापलीकडे अपमान कुठला!

१९७२ मध्ये संसदेने कायदा करून मीटर फिरवणं देशभर बेकायदा ठरवलं. गाडी विकताना मीटरवरचा आकडा लेखी द्यायचा, आणि फसवणूक झाली तर नुकसानीच्या तिप्पट किंवा १,५०० डॉलर, यातलं जे जास्त ते भरपाई म्हणून वसूल करता येईल अशी सोय केली. पण यात एक बग राहिला. हा आकडा वेगळ्या कागदावर लिहायचा होता. आता वेगळा कागद म्हटला की तो हरवणार, नाहीतर नवा छापला जाणार! १९८६ मध्ये पॅच आला: आकडा थेट गाडीच्या टायटलवर, म्हणजे मालकीच्या दाखल्यावरच लिहायचा. आपण डेटाबेसमध्ये म्हणतो ना, एकमेकांशी बांधलेली माहिती एकाच रेकॉर्डमध्ये ठेवा, तेच.

बग तरीही पूर्ण गेला नाही. मीटर डिजिटल झाले तर भामटे लॅपटॉप घेऊन यायला लागले. वाहतूक सुरक्षा खात्याच्या २००२ च्या अभ्यासात वर्षाला साडेचार लाखांहून जास्त गाड्या खोट्या मीटरसकट विकल्या जातात असा अंदाज निघाला. आणि दहा वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांना हा आकडा द्यायच्या नियमातून सूट होती! म्हणजे आपण ज्या गाड्या घेतो नेमक्या त्यांनाच. २०२१ पासून ती मर्यादा २०११ आणि पुढच्या मॉडेलसाठी वीस वर्षांवर नेली आहे. म्हणजे आता २०११ ची करोला घेताना मीटरचा आकडा सहीनिशी मागायचा हक्क आपल्याला आहे. विसरू नका.

नियम येतो, नियम जातो

आता मूळ कागदाकडे येऊ. १९७५ मध्ये वॉरंटीसंबंधी एक मोठा कायदा झाला आणि त्यात संसदेने फेडरल ट्रेड कमिशनला सांगितलं की जुन्या गाड्यांच्या विक्रीसाठीही नियम तयार करा. कमिशनने अनेक वर्षं सुनावण्या घेतल्या, आणि १९८१ मध्ये नियम आणला: डीलरने गाडीच्या काचेला एक कागद लावायचा. त्यावर वॉरंटी आहे की नाही ते लिहायचं. आणि डीलरला गाडीत जे मोठे दोष माहीत असतील ते लिहायचे.

नीट बघा, 'माहीत असतील ते'. गाडी तपासायची सक्ती नव्हती. फक्त जे तुला माहीत आहे ते मलाही सांग, एवढंच. ॲकरलॉफच्या आजाराला याहून सरळ औषध नव्हतं.

डीलरांच्या संघटनेने जोर लावला. त्या वेळी संसदेकडे एक अस्त्र होतं, 'लेजिस्लेटिव्ह व्हेटो'. सरकारी संस्थेचा एखादा नियम आवडला नाही तर नवा कायदा न करता, राष्ट्राध्यक्षाची सही न घेता, नुसता ठराव करून तो रद्द करायचा. मे १९८२ मध्ये सिनेटने ६९ विरुद्ध २७ आणि प्रतिनिधी सभेने २८६ विरुद्ध १३३ मतांनी हा नियम रद्द केला. ग्राहक संघटनांनी बोंब मारली की ठरावाच्या बाजूने मत देणाऱ्यांपैकी कित्येकांना डीलरांच्या संघटनेकडून निवडणुकीसाठी पैसे मिळालेले आहेत. कन्झ्युमर्स युनियन आणि पब्लिक सिटिझन या दोन संस्था कोर्टात गेल्या.

आणि इथे आपल्या गोष्टीत जगदीश येतो.

जगदीश राय चढ्ढा

जगदीश राय चढ्ढा हा केनियात जन्मलेला, भारतीय आई-बापांचा मुलगा. पासपोर्ट ब्रिटिश. १९६६ मध्ये तो स्टुडंट व्हिसावर अमेरिकेत आला आणि ओहायोच्या बोलिंग ग्रीनमध्ये शिकला. ३० जून १९७२ ला त्याचा व्हिसा संपला. परत जावं तर कुठे? केनिया स्वतंत्र झालेला, तो याला आपला मानायला तयार नाही. ब्रिटन पासपोर्ट देतं पण लगेच येऊ देत नाही. भारतात तो जन्मलेलाच नाही. म्हणजे तीन देश, आणि एकही आपला म्हणणारा नाही.

इमिग्रेशन खात्याने त्याला हद्दपारीची नोटीस दिली. त्याने कायद्यातल्या एका कलमाखाली अर्ज केला, आणि १९७४ मध्ये इमिग्रेशन जजने सगळी चौकशी करून निकाल दिला की माणूस चांगल्या चालीचा आहे, परत पाठवला तर त्याचे फार हाल होतील, हद्दपारी थांबवा. सुटलो म्हणायचं! पण त्या कलमातही तेच अस्त्र लपलेलं होतं. अशा सगळ्या केसेस संसदेकडे जायच्या आणि दोनपैकी एका सभागृहाने ठराव केला की निकाल रद्द. डिसेंबर १९७५ मध्ये ३४० नावांच्या यादीतून प्रतिनिधी सभेने सहा नावं काढली. चढ्ढा त्यातला एक. ठराव छापून वाटलेला नव्हता, चर्चा नाही, मतांची मोजणी नाही. कोणीतरी उभं राहून वाचलं, झालं मंजूर.

ज्यांचा एच-वन कधी 'आरएफई'मध्ये अडकलाय त्यांना पोटात जो गोळा येतो तो आठवा, आणि त्याला शंभराने गुणा.

चढ्ढा कोर्टात गेला. केस वर वर सरकत गेली, आणि सुप्रीम कोर्टात त्याची बाजू मांडायला उभा राहिला ॲलन मॉरिसन, पब्लिक सिटिझनच्या खटले लढवणाऱ्या गटाचा वकील. हो, तीच पब्लिक सिटिझन, जी गाड्यांच्या नियमासाठी भांडत होती. वरवर बघता एका विद्यार्थ्याच्या व्हिसाचा आणि जुन्या गाड्यांचा काय संबंध? पण कोडमध्ये जसं होतं तसंच इथे होतं: दोन अगदी वेगळी फीचर्स एकाच बिघडलेल्या फंक्शनला कॉल करत होती.

२३ जून १९८३ ला सात विरुद्ध दोन असा निकाल लागला. सरन्यायाधीश वॉरन बर्गर यांनी लिहिलं त्याचा मथितार्थ असा: संसदेला लोकांचे हक्क बदलायचे असतील तर घटनेत लिहिलेल्या रस्त्यानेच जावं लागेल, दोन्ही सभागृहं, आणि मग राष्ट्राध्यक्षाची सही. मधला शॉर्टकट चालणार नाही. विरोधात निकाल लिहिणाऱ्या न्यायमूर्ती बायरन व्हाईट यांनी हळहळ व्यक्त केली की या एका निकालाने जवळजवळ दोनशे कायद्यांमधल्या तरतुदी उडाल्या. चढ्ढा अमेरिकेत राहिला.

आणि दोनच आठवड्यांनी, ६ जुलैला, त्याच कोर्टाने त्याच तत्त्वावर जुन्या गाड्यांच्या नियमावरचा संसदेचा व्हेटोही घटनाबाह्य ठरवणारा खालच्या कोर्टाचा निकाल कायम केला. विशेष सुनावणी नाही, लांबलचक निकालपत्र नाही. चढ्ढाच्या केसने रस्ता मोकळा करून ठेवला होता.

मला हे वाचून खरंच काही क्षण काही सुचेना. आज व्हिसावर इथे आलेला पोरगा जुनी करोला बघायला जातो, तेव्हा त्या काचेवर जो कागद असतो, तो तिथे असण्यामागे व्हिसा संपलेल्या दुसऱ्या एका पोराचा हात आहे.

पण..

गोष्ट इथे संपली असती तर सिनेमा झाला असता. नियम जिवंत झाला खरा, पण तो अमलात आणण्याऐवजी कमिशनने परत विचाराला घेतला. नोव्हेंबर १९८४ मध्ये अंतिम नियम आला आणि मे १९८५ पासून लागू झाला. त्यात काचेवरचा कागद होता, वॉरंटीचे चौकोन होते. माहीत असलेले दोष लिहायचं कलम मात्र गाळलेलं होतं.

म्हणजे ज्या एका ओळीसाठी सगळी लढाई, तीच गेली.

मग त्या कागदात उरलं काय? वाटतं त्यापेक्षा बरंच. 'ॲज इज' की वॉरंटी, हे विकणाऱ्याला लिहून द्यावं लागतं. स्वतःच्या मेकॅनिककडून गाडी तपासून घेऊ देणार का ते विचारा, असं त्यावर लिहिलेलं असतं. जुन्या गाडीत सर्वसाधारणपणे कुठले मोठे दोष निघतात याची यादी असते. आणि तोंडी आश्वासनं लिहून घ्या, असं तर स्पष्ट सांगितलेलं असतं. सौदा झाल्यावर हा कागद कराराचा भाग होतो आणि कराराशी त्याचा मेळ बसत नसेल तर कागद खरा धरला जातो. २०१६ मध्ये केलेल्या दुरुस्तीने गाडीचा इतिहास तपासा ही सूचनाही त्यात घातली.

काही राज्यांनी पुढचं पाऊल टाकलं. कनेटिकटने १९८२ मध्ये देशातला पहिला 'लेमन लॉ' केला, पण तो नव्या गाड्यांसाठी. न्यूयॉर्कने १९८४ मध्ये डीलरकडून घेतलेल्या जुन्या गाड्यांसाठीही केला. तेव्हा आपण कुठल्या राज्यात आहोत हे बघणं आलं. आणि हे सगळं डीलरसाठी. शेजाऱ्याकडून किंवा ऑनलाईन जाहिरात बघून थेट मालकाकडून घेतलीत तर काचेवर कागदही नाही.

दोष सांगण्याचं काम नियमाने सोडलं ते हळूहळू डेटाने उचललं. १९८१ च्या मॉडेलपासून प्रत्येक गाडीला सतरा अक्षरी व्हीआयएन नंबर सक्तीचा झाला. आपल्यासारख्यांना यात मजा आहे: 'आय', 'ओ' आणि 'क्यू' ही अक्षरं त्यात नाहीत, कारण ती एक आणि शून्यासारखी दिसतात. नववं अक्षर चेक डिजिट. बाकीच्या अक्षरांना वजनं देऊन बेरीज करायची, अकराने भागायचं, बाकी दहा उरली तर 'एक्स' लिहायचं. एका बाजूने प्रत्येक गाडीला न बदलणारी प्रायमरी की मिळाली, आणि १९८४ मध्ये मिसुरीत कारफॅक्स सुरू झाली, मीटरची फसवणूक पकडण्यासाठीच. की आली की हिस्टरी टेबल आलंच! पण जे नोंदवलंच नाही ते रिपोर्टमध्ये दिसत नाही. रोख पैसे देऊन गल्लीतल्या गॅरेजमध्ये ठोकून सरळ केलेलं बंपर कुठल्याच टेबलात नसतं. २००५ च्या कॅटरिना वादळानंतर पुरात बुडालेल्या गाड्या धुऊनपुसून, दुसऱ्या राज्यात नवं टायटल काढून विकल्या गेल्या होत्या.

लिंबू कोण?

सुरुवातीला म्हटलं होतं की कर्ज कोणी देत नाही, त्याचं सांगतो. ज्या १९७० मध्ये ॲकरलॉफचा पेपर छापून आला त्याच वर्षी अमेरिकेत क्रेडिट रिपोर्टवर नियंत्रण ठेवणारा कायदा झाला. १९८९ मध्ये आज सगळीकडे चालतो तो फिको स्कोअर आला. नव्याने आलेल्या माणसाला स्कोअर नसतो. पुण्यात वडिलांनी तीस वर्षं गृहकर्जाचा एकही हप्ता चुकवला नाही, आपण स्वतः पाच वर्षं क्रेडिट कार्ड वेळेवर भरलं, त्याची इथे शून्य किंमत. बँकेच्या दृष्टीने आपण कोण? चकाचक दिसणारी, हिस्टरी नसलेली गाडी! मग बँक तेच करते जे आपण गाडीच्या बाबतीत करतो. सरासरी काढते. आणि सरासरीत चांगला माणूस नेहमी मार खातो.

माझ्या ओळखीतल्या एका मुलीला तिसऱ्या महिन्यात एका डीलरने १८ टक्क्यांनी कर्ज देऊ केलं होतं. तिने नाकारलं आणि चार महिने बसने ऑफिसला गेली, दोन बस बदलून. बाहेर उणे पंधरा. हा अन्याय वैयक्तिक नाही, म्हणून तर भांडायलाही कोणी समोर नसतं.

मग आपण काय करतो? आपणही शंभर वर्षांपूर्वीच्या मॅनेजिंग एजन्सीसारखंच करतो. एमएस संपवून जाणारा मुलगा आपली गाडी नव्याने येणाऱ्याला विकतो. कुठल्याही युनिव्हर्सिटी गावात अशी एखादी करोला सापडेल जी पाच वर्षांत चार देशी हातांमधून गेली आहे, आणि डॅशबोर्डवरचा गणपती एकानेही काढलेला नाही. :-) इथे नियम नाही, कागद नाही. भरवसा आहे तो एवढाच, की फसवलं तर महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत तोंड दाखवायला जागा राहणार नाही. ही पद्धत चांगलीच आहे. पण तिचीही मर्यादा आहे. 'आपला माणूस आहे' हा गाडीचा कंप्रेशन टेस्ट नव्हे. मालक प्रामाणिक असला तरी टायमिंग बेल्ट कधी बदलला ते त्यालाही माहीत नसू शकतं. शिवाय ज्याचं नेटवर्कच नाही त्याने काय करायचं? आपल्यातलेच सगळे काही कॅम्पसवर येत नाहीत. कोणी एखाद्या छोट्या गावातल्या मोटेलवर कामाला येतं. त्याच्यासाठी तो काचेवरचा कागदच काय तो आपला माणूस.

म्हणूनच या कागदाकडे मी आता वेगळ्या नजरेने बघतो. अर्धवट आहे, दात काढलेला आहे, मान्य. लढाईही संपलेली नाही. डिसेंबर २०२३ मध्ये कमिशनने डीलरांच्या खोट्या किमती आणि गळ्यात मारलेले जादाचे चार्जेस यांच्याविरुद्ध नवा नियम आणला, तो जानेवारी २०२५ मध्ये अपील कोर्टाने रद्द केला. कारण? आणताना पद्धत नीट पाळली नाही म्हणून. ज्या 'पद्धत पाळा' या तत्त्वाने १९८३ मध्ये ग्राहकाला वाचवलं, त्याच तत्त्वाने या वेळी त्याच्या विरुद्ध काम केलं. तत्त्वं अशीच असतात, ती कोणाच्या बाजूची नसतात.

असो. शनिवारी गाडी बघायला जाणार असाल तर टायरला लाथ जरूर मारा. पण त्याआधी कागद वाचा. चौकोन कुठला भरलाय ते बघा. डीलर तोंडाने जे जे म्हणेल ते 'इथे लिहून द्या' म्हणा. व्हीआयएन घाला, आणि शंभर-दीडशे डॉलर देऊन आपल्या ओळखीच्या मेकॅनिककडून गाडी तपासून घ्या. डीलर नाही म्हणाला तर तेच उत्तर समजा. ताटात पसरल्याशिवाय तांदूळ घ्यायचा नाही, हे आजीने सांगितलेलंच आहे.